मयताच्या घरची खुर्ची

शुक्राचा अस्त झाला आणि एर्रकुंट्यातली लग्नं थांबली. मरणं पंचांग बघत नाहीत, त्यामुळे ओदेलूचा धंदा चालू राहिला.

'ओदेलू टेंट हाउस' म्हणजे घराच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. आत बांबू, दोर, लोखंडी खुंटे, पहार, भाताची मोठी पातेली, एक लग्नाचा रंगीत शामियाना, एक मयताचा पांढरा आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. ओदेलू जातीनं परीट. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर चार कोपरे धरून कापड ताणायचं काम त्याच्या घराकडं आजोबाच्या आजोबापासून होतं. ओदेलूनं काय केलं, तर कापड मोठं केलं आणि खाली खुर्च्या मांडल्या. गावाच्या लेखी तो काही धंदेवाला झाला नव्हता. परटाचं पोरगं जरा जास्त सामान घेऊन यायला लागलं होतं, एवढंच.

लग्नाघरचं सामान दुसऱ्या दिवशी जाऊन आणता येतं. ओरडून, मोजून, झाऱ्यावरून भांडून. मयताच्या घरचं तसं नाही. तिथं गेलेली वस्तू मागायची नाही. ते घर आपण होऊन आणून देईल तेव्हाच घ्यायची. कुणी मागायला गेलाच, तर मरण त्याच्या मागोमाग त्याच्या घरी येतं, असं एर्रकुंट्यात पहिल्यापासून मानतात. म्हातारे मानतात, हैदराबादेत शिकून आलेलेही मानतात. मानल्यानं कुणाचं काही जात नाही. ओदेलूचं जातं.

बांबू परत यायचे. घरात बांबूचं कुणी काय करणार? पातेलीही यायची, एवढा भात कुणाला शिजवायचा असतो? राहायच्या त्या खुर्च्या. एका घरात एक, दुसऱ्या घरात दोन. आधी लग्नाच्या गडबडीत ते कळायचं नाही. या वेळी शुक्र बुडालेलाच राहिला, उन्हाळा चढला, म्हातारी माणसं एकामागून एक गेली, आणि शेडमधली लाल उतरंड खाली खाली आली. शेवटी तिच्यावर कोंबडी उडी न मारता चढायला लागली.

अशात गावचा कारभार बघणाऱ्या जलंधर रेड्डी पटेलांनी ओदेलूला बोलावलं.

पटेल ओसरीवर लाकडी आरामखुर्चीत बसले होते. ओदेलू पायऱ्यांच्या खाली, चपला बाहेर काढून. फरशी तव्यासारखी तापली होती, म्हणून तो घटकेत या पायावर, घटकेत त्या पायावर उभा राहत होता.

"काय रे, घाई आहे का?" पटेलांनी विचारलं.

"न्हाई पटेला."

"मग नाचतोस कशाला? ऐक. शुक्र उगवला की पहिल्याच मुहूर्ताला पोरीचं लग्न धरलंय. पाहुणे वरंगलचे आहेत. सगळ्या खुर्च्या एका रंगाच्या पाहिजेत. मागं सरपंचाच्या घरी तू लाल-निळ्या-पिवळ्या मिसळल्या होत्यास. मंडप नव्हता तो, गोधडी होती."

"त्या निळ्या उसन्या होत्या पटेला. माझ्या सगळ्या लालच हायत."

हे खोटं नव्हतं. सगळ्या लालच होत्या. फक्त त्याच्याकडं नव्हत्या.

"हे नीट पार पाड. पोचम्माच्या जत्रेचा मंडपही तुलाच देतो. नाही जमलं तर आत्ताच सांग, सम्मय्या आहेच."

सम्मय्या म्हणजे तालुक्याच्या गावचा 'इंद्रभवन सप्लायर्स'. बोलायला फार गोड माणूस. आसपासच्या गावांत ज्यांची ज्यांची टेंट हाउसं बसली, ते सगळे आता सम्मय्याचे बांबू उचलत होते. कुणालाही त्यानं उपाशी ठेवलं नव्हतं. कुणाला नुसतं नावानं मात्र तो हाक मारत नसे. "ए गंगाराम टेंट हाउस, तो दोर धर!" असं म्हणायचा, आणि सगळे हसायचे. गंगारामही हसायचा.

"जमतंय पटेला," ओदेलू म्हणाला.

घरी कनकव्वा मक्याच्या कण्यांची गटका ढवळत होती. नवऱ्याचं ऐकून तिनं पळी बाजूला ठेवली.

"जमतंय म्हणालात? त्यांना बसवणार कशावर? माझ्या डोक्यावर?"

"गावात हायत ना खुर्च्या."

"गावात म्हणजे मयताच्या घरात. मागणार कशा?"

"मागायचं न्हाई. नुसतं जाऊन यायचं."

दाराशी बाजेवर त्याचा बाप बसला होता. राजलिंगू. आयुष्यभर धुणं आपटून त्याचे हात कोपरापर्यंत पांढरट पडले होते आणि बोलणं कमी झालं होतं. तो म्हणाला, "सरळ हिशेब हाय. मयत असंल त्या घरी खुर्च्या जातात. आपल्या घरी मयत न्हाई, म्हणून खुर्च्या न्हाईत."

"मामा, तोंड आवरा," कनकव्वा म्हणाली.

म्हाताऱ्यानं तोंड आवरलं आणि त्यात गटका घातली.

दुसऱ्या दिवसापासून ओदेलू नुसता जाऊन यायला लागला.

पहिलं घर लच्चव्वाचं. नवरा गेल्यापासून म्हातारी एकटीच. गुडघे गेलेले. अंगणात कडुलिंबाखाली ती खुर्चीत बसली होती, खाली उशी, मागं गोधडीची घडी. ओदेलूला बघून तिला बरं वाटलं.

"ये बिड्डा, ये लेकरा. तुझ्या खुर्चीनं फार उपकार केले बघ माझ्यावर. जमिनीवर बसले की उठवायला माणूस लागायचा. आता माझी मी बसते, माझी मी उठते."

'तुझ्या खुर्चीनं' म्हणाली खरी, पण माणूस 'तुझ्या गावचा पाऊस' म्हणतो तशी. ओदेलू खाली मातीत उकिडवा बसला. बघता बघता त्याला दिसलं, खुर्चीचा मागचा पाय तडकलाय. त्याच्या जिवात जीव आला.

"अव्वा, हिचा पाय गेला की. पडशील एखाद्या दिवशी. घरी नेऊन जोडून आणतो."

"घरी कशाला? हितंच जोड. चूल पेटलेलीच हाय."

मग ओदेलूनं लच्चव्वाच्या चुलीत दाभण तापवलं, तडकलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेनं पाय शिवला. प्लास्टिकच्या धुरानं डोळ्यांतून पाणी आलं. काम चांगलं झालं. लच्चव्वानं बसून, हलून बघितलं, आणि म्हणाली, "पहिल्यापेक्षा मजबूत झाली. आता मी मरेपर्यंत बघायला नको."

तिथून तो भूमय्या न्हाव्याकडं गेला. भूमय्याची आई अस्ताच्या सुरुवातीलाच गेली होती, आणि दुकानात जिथं लाकडी स्टूल असायचं तिथं आता लाल खुर्ची होती. पाठीवर 'ओदेलू टेंट हाउस' हे पांढऱ्या रंगातलं नाव जसंच्या तसं. भूमय्यानं ते खरवडायचीही तसदी घेतली नव्हती.

"बस," भूमय्या म्हणाला.

ओदेलू बसला. मागायचं नाही, तर करायचं काय, म्हणून त्यानं दाढी करून घेतली. वस्तरा गळ्यावर असताना तो म्हणाला, "खुर्ची बरी हाय."

"हाव. गिऱ्हाईक वाढलं बघ. स्टुलावर लोक बसेनात." भूमय्यानं गाल पुसला. "तुझ्याकडं अजून एखादी असली तर सांग. वाट बघणाऱ्यांना बसायला न्हाई."

ओदेलू दाढीचे पैसे देऊन बाहेर पडला.

असंच चाललं. एक खुर्ची मिरचीच्या शेतात मचाणावर बांधलेली होती, तिच्यावर बसून एक म्हातारा गोफणीनं पोपट हाकत होता. एकीवर देवीचा फोटो बसवला होता, पुढं दिवा. तिला तर ओदेलूलाच हात जोडावे लागले. मल्लय्याच्या घरी त्याच्या आईच्या मयतात एक राहिली होती; मग वडलांना अर्धांग झालं, त्यांना परसाकडं बसता यावं म्हणून खुर्चीच्या मधोमध ताटलीएवढं भोक कापलं होतं. वडील गेले, आणि नंतर ती धुऊन, पुसून उन्हात ठेवली होती. "कामाची वस्तू हाय, कधी कुणाला लागंल," मल्लय्या म्हणाला. ती खुर्ची ओदेलूनं मनातून सोडून दिली.

आठवडाभर फिरून त्यानं गावातला बराच चहा प्यायला, आणि खुर्ची एकही आणली नाही.

"मागून टाका सरळ," कनकव्वा म्हणाली. "लोक काय मारतील का?"

"मी मागितली आणि घरात काही झालं तर?"

"कुणाला होणार हाय?"

दोघांनीही बाजेकडं बघितलं नाही. म्हातारा मात्र दोघांकडं बघत होता.

"पटेलाच्या लग्नाचं कापड मी धुणार," तो म्हणाला. "खुर्च्यांचं तुमचं तुम्ही बघा."

रंगीत शामियाना महिनोन् महिने घडी करून पडलेला होता. उंदरांचं मूत आणि धुळीनं तो कडक झाला होता. तलाव आटून मधोमध डबकं उरलं होतं, म्हशी आणि परीट दोघांनाही पुरेल एवढं. ओदेलू आणि बाप कापड गाडीवर घालून पहाटेच घेऊन गेले. कापड भिजल्यावर बैलाएवढं जड झालं. दोघांनी मिळून एकेक पट्टा दगडावर ओढला, आपटला, पिळला. राजलिंगूच्या तोंडून प्रत्येक आपटण्याबरोबर "हिस्स" असा आवाज निघत होता. तो आवाज ओदेलू लहानपणापासून ऐकत आला होता. बापाला दुसरं काही गाता येत नव्हतं.

ऊन चढलं. "बापू, उरलेलं उद्या धुऊ," ओदेलू म्हणाला.

"पटेल बघतील. वरंगलचे बघतील. तू जा, खुंटे सरळ करून आण. मी हे पसरतो."

ओदेलू खुंटे घेऊन लोहाराकडं गेला. लोहाराच्या भात्यापाशी बसलं तर बाहेरचं ऊन थंड वाटावं, असा दिवस होता. परत आला तेव्हा तलावाच्या पाळीवर कापडाचे लाल-पिवळे पट्टे ओळीनं वाळत होते. शेवटचा पट्टा बापानं धुण्याच्या दगडावर ओढून त्याची सावली केली होती आणि तो त्याखाली दगडाला पाठ लावून बसला होता. हात मांडीवर, तळवे वर. पाण्यात भिजून बोटांची कातडी अजून सुरकुतलेलीच होती.

"बापू, चला," ओदेलू म्हणाला. मग परत म्हणाला. मग त्यानं खांद्याला हात लावला.

त्याच शामियान्याच्या पट्ट्यात घालून चौघांनी त्याला घरी आणलं.

आता हे घर मयताचं झालं. मयताला पांढरा शामियाना लागतो, आणि गावात तो बांधणारा एकच. ओदेलूनं पहार घेतली आणि आपल्याच अंगणात खड्डे खणायला लागला. रडणाऱ्या बायका बाजूला सरकून त्याला जागा देत होत्या. एकदा त्यानं सवयीनं विचारलंसुद्धा, "मयत कुठं ठेवलंय? सावली तिकडंच पडायला पायजे." मग त्याला आठवलं आणि तो तसाच खणत राहिला.

दोर ताणून झाला तेव्हा काठी टेकत लच्चव्वा आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं खुर्ची फरफटत ओढलेली.

"माणसं येतील बिड्डा," ती म्हणाली. "बसायला काही पायजे. तुझ्याकडं कुठलं असायला?"

मागोमाग भूमय्या आला. डोक्यावर खुर्ची, हातात वस्तरा, कारण ओदेलूचं डोकं करायचं होतं. मग मचाणावरची आली. देवीला खाली ठेवून तीही आली. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं येत होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा काखेत लाल खुर्ची होती. ओदेलूला ज्यांचा संशयही नव्हता, अशांनी आणल्या. एर्रकुंटा गाव वाईट नाही. कुणाच्या दुःखात रिकाम्या हातानं जात नाही.

कनकव्वा सासऱ्याच्या उशाशी बसून रडत होती. बाया रडताना गेलेल्या माणसाला सगळं सांगतात, तसं तीही सांगत होती, सुरात आणि छाती बडवत.

"मामा गं माझे मामा... डोळे उघडा हो मामा... लच्चव्वाची आली हो मामा... भूमय्याची बी आली... सरपंचाच्या घरच्या चार आल्या, मला वाटलं दोनच असतील हो मामा... तुम्ही म्हणाला होता, तसंच झालं हो..."

आसपासच्या बायांना वाटलं, ती आलेल्या माणसांची नावं घेते आहे. त्यांनी पदर डोळ्यांना लावले.

मल्लय्याही आला. त्यानं भोकाच्या खुर्चीवर टॉवेल घडी करून घातला होता. सरपंच उशिरा आले, पुढच्या रांगेत तीच एक रिकामी होती. सरपंच बसले, जरा खाली गेले आणि तसेच बसून राहिले. मयतात उठाठेव बरी दिसत नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याला जाळून, अंघोळी करून सगळे परत आले. मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणायचं नसतं, नुसतं निघून जायचं असतं. एकेक जण उठला. प्रत्येकानं आपण बसलेल्या खुर्चीकडं एकदा बघितलं. मग ओदेलूकडं बघितलं, मग चपला शोधल्या. बोलायची सोयच नव्हती. मयताच्या घरात गेलेली वस्तू मागायची नाही, हे ओदेलूला गावानंच शिकवलं होतं.

अंगण मोकळं झालं. पांढऱ्या कापडाखाली लाल खुर्च्या रांगेनं उभ्या राहिल्या. कनकव्वा रांगांमधून फिरली. बहुतेक पाठींवर नाव होतं, काहींवर खरवडल्याच्या रेघा होत्या.

"सगळ्या हायत," ती हळूच म्हणाली. "जाता जाता म्हातारा कामाला आला."

ओदेलू मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत होता. त्याला रडू आलं की हायसं वाटलं, हे त्याचं त्यालाच नीट कळलं नाही, म्हणून त्यानं खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या.

सकाळी तो पटेलांकडं गेला. या वेळी पायऱ्यांपाशीही पोचला नाही. फाटकापाशीच त्याला आवाज आला.

"तिथंच थांब! सुतकात आहेस ना तू?"

"हाव पटेला. सांगायला आलो, खुर्च्या जमल्या. सगळ्या लाल."

"खुर्च्या जमल्या रे, पण तू कुठं जमतोस?" पटेल ओसरीवरून म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट दया होती. "दिवस होईपर्यंत तू लग्नाच्या बांबूला हात लावू शकत नाहीस. लग्न त्याच्या आत आहे. बापाला चार दिवस थांबता आलं नाही का?"

"त्यांनी कापड धुतलं होतं तुमचं."

"मी सम्मय्याला निरोप धाडलाय. तू आता बापाचं बघ."

बापाचं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. राख होती, ती नदीला जायची होती.

दुसऱ्या दिवशी दारात तीनचाकी टेम्पो थांबला. सम्मय्या उतरला. पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू. त्यानं आधी म्हाताऱ्याच्या बाजेकडं बघून हात जोडले, मग शेडकडं.

"ओदेलू तम्मुडा," तो म्हणाला. तम्मुडा म्हणजे धाकटा भाऊ. तो सगळ्यांनाच म्हणायचा. "फार वाईट झालं. मला तर काल जेवण गेलं नाही. एकाच मुहूर्तावर चार लग्नं आहेत माझ्याकडं, आणि लाल कमी पडतायत."

"मी सुतकात हाय," ओदेलू म्हणाला.

"तू आहेस. खुर्च्या नाहीत. माझी माणसं उचलतील, हळदीचं पाणी मारतील, माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवतील. झालं."

कनकव्वा दारातून म्हणाली, "का हो, सूतक तुमच्या टेम्पोत बसत न्हाई का?"

"अव्वा, सूतक जिवाला असतं," सम्मय्या गोडपणे म्हणाला. "प्लास्टिकला कुठलं? प्लास्टिक कधी मरतं का?"

"पटेलाला चालंल?" ओदेलूनं विचारलं.

"पटेलांनीच पत्ता दिला. फक्त, हे माझ्या कानावर घालू नको, म्हणालेत." सम्मय्यानं आवाज खाली आणला. "भाडं देईन. वर जत्रेचा मंडप आपण दोघं मिळून मारू. तू, मी. पटेलांशी मी बोलतो. बघ, आता नाही म्हणालास तर लग्न हुकलं आणि जत्राही. घरात ठेवून खुर्च्यांवर बसणार कोण? तुम्ही दोघं?"

ओदेलू खुर्च्यांकडं बघत राहिला. बोलताना सम्मय्याची माणसं थांबली नव्हतीच, निम्म्या टेम्पोत गेल्या होत्या. खुर्च्या उचलणाऱ्यांत गंगारामही होता. त्यानं ओदेलूकडं बघितलं नाही.

लग्न झालं. ओदेलू घरातच होता. बाजा ऐकू येत होता आणि फोडणीच्या बगाऱ्या भाताचा वास भिंतीवरून येत होता. सगळं गाव नवे कपडे घालून त्याच्या दारावरून गेलं आणि पोट भरून त्याच दारावरून आलं. लच्चव्वा जरा टेकायला थांबली. सूतक मानायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

"काय थाट होता बिड्डा!" ती धुण्याच्या दगडावर बसत म्हणाली. तो दगड ओदेलूनं तलावावरून आणून दारात टाकला होता, बापाची आठवण म्हणून. "बसायची काय सोय! सगळ्या लाल, सगळ्या सारख्या. सम्मय्याचं काम म्हणजे काम. राग मानू नको, पण तुझ्या खुर्च्या जरा टोचतात. त्याच्या कशा मऊ हायत."

"एखादीला भोक होतं का?" ओदेलूनं विचारलं.

"नवरदेवाचा काका बसला होता एकीत. मला वाटलं, बसका हाय माणूस." मग ती उठायला लागली आणि उठता येईना. ओदेलूनं तिला दोन्ही काखांत धरून उठवलं. उभं राहून ती अंगणात इकडंतिकडं बघत म्हणाली, "मी मागत न्हाई हो. मयताच्या घरी मी कशाला मागू? नुसतं सांगते, गुडघे फार दुखतात."

दिवस झाले. सूतक फिटलं. ओदेलू अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सम्मय्याकडं गेला. इंद्रभवनचं दुकान बंद होतं. मागच्या बाजूला सम्मय्याचं घर, तिथं अंगणात पांढरा शामियाना ताणलेला. खाली लाल खुर्च्या रांगेनं. खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून सम्मय्या पुढच्या खुर्चीत बसला होता. बरीच माणसं येऊन-जाऊन होती.

"ये तम्मुडा," तो म्हणाला. "बायकोचे मामा गेले. इथंच होते औषधाला. काल दुपारी."

ओदेलू उभाच राहिला. ज्या खुर्चीवर सम्मय्याचा हात होता, तिच्या पाठीवर इंद्रभवनची सोनेरी चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीच्या कडेतून एक पांढरी मात्रा बाहेर आली होती. आपल्या हातानं काढलेली मात्रा माणसाला ओळखू येते.

"मागायला तर नाही ना आलास?" सम्मय्यानं विचारलं. भोवतीच्या माणसांनी माना वळवल्या. एका म्हातारीनं तर तोंडावर हातच घेतला.

मागितलं आणि मरण मागोमाग आलं, तर घरी आता कनकव्वा एकटीच होती.

"न्हाई," ओदेलू म्हणाला. "भेटायला आलो."

"बस ना मग."

ओदेलू बसला. चहा आला, तो प्यायला. थोड्या वेळानं सम्मय्या वाकून म्हणाला, "पटेलांनी जत्रेचा मंडप माझ्या एकट्याच्या नावावर दिला. मी तुझं नाव घेतलं होतं, पण ते म्हणाले, त्याच्याकडं आता खुर्च्या कुठं आहेत? म्हणणं खोटं नाही. तू ये बांबू उचलायला. घरचाच माणूस."

ओदेलू उठला. "येतो" म्हणायचं नसतं, म्हणून नुसता निघून आला. पुढच्या सोमवारी परत गेला, आणि मग रोजच जायला लागला.

जत्रा झाली. पावसाळा आला, उघडला. 'ओदेलू टेंट हाउस, शिडी आण!' अशी हाक ऐकली की ओदेलू शिडी आणायचा. पहिल्या वेळी सगळे हसले तेव्हा तोही हसला होता, गंगारामनं त्याला कोपरानं ढोसलं म्हणून.

एका दुपारी एर्रकुंट्यातच काम लागलं. सरपंचाची चुलती गेली होती. तिचे दिवस झाले, आणि सरपंचांनी सामान घेऊन जा असा आपण होऊन निरोप धाडला, कारण इंद्रभवनचं सामान ठेवून घ्यायची पद्धत गावात अजून पडली नव्हती. ओदेलू टेम्पोत खुर्च्या चढवत होता. एकीचा मागचा पाय हाताला टोचला. बघितलं तर तांब्याची तार.

सम्मय्या सरपंचांशी ओसरीवर बोलत होता. ओदेलूनं ती खुर्ची बाजूला काढली, वर शामियान्याचं पांढरं कापड टाकलं आणि डोक्यावर घेऊन मागच्या बोळानं चालायला लागला. स्वतःची खुर्ची चोरताना माणसानं कसं चालायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो चोर चालतात तसाच चालला.

लच्चव्वा कडुलिंबाखाली जमिनीवर बसली होती. बसल्या जागी तिनं दिवसभराची सोय करून ठेवली होती. तांब्या, तंबाखूची पिशवी, कोंबड्या हाकायची काटकी. खुर्ची बघून तिनं आधी तिचा पाय चाचपला, तार लागली तशी हसली. ओदेलूनं तिला धरून वर बसवली.

"ही चिठ्ठी पाठीला लागते," ती म्हणाली आणि वळून नखानं सोनेरी कागद सोलायला लागली. कागद निघाला. खाली पांढरी अक्षरं होती. लच्चव्वानं ती बोटानं चाचपली. तिला वाचता येत नव्हतं.

"खाली अजून एक नाव हाय की. कुणाचं रे?"

"पहिल्या मालकाचं."

"हाय का तो?"

लांबून टेम्पोचा भोंगा वाजला. मग सम्मय्याचा आवाज आला, "ओदेलू टेंट हाउस! कुठं मेलास?"

"न्हाई, अव्वा," ओदेलू म्हणाला. "गेला तो."

"मग कुणी मागायला तर येणार न्हाई ना?"

ओदेलूनं पांढऱ्या कापडाची घडी केली आणि काखेत मारली.

"कोण येणार?" तो म्हणाला. "मयताच्या घरची हाय."